पुलाखालच्या रझिया मॅडम

रझिया मॅडमबरोबर एखादा पूल बघायला गेलं, की त्या पूल सोडून बाकी सगळं बघत.

मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागलो त्या पहिल्याच वर्षी आम्ही मुलांना घेऊन एका नव्याकोऱ्या पुलावर गेलो होतो. मी स्ट्रक्चरचा माणूस. तुळया, काँक्रीट, लोखंड हे माझं जग. मुलांना कठड्याजवळ उभं करून मी पुलाच्या गाळ्यांबद्दल मोठ्या उत्साहाने सांगत होतो. सांगता सांगता लक्षात आलं, की समोरची गर्दी पातळ होत चालली आहे. वाकून खाली पाहिलं तर अर्धा वर्ग नदीच्या पात्रात उतरलेला, आणि मधोमध ओढणी कमरेला खोचलेल्या, पांढरे कॅनव्हासचे बूट चिखलात रुतलेल्या रझिया मॅडम. खांबाच्या बुडाशी बोट दाखवून त्या काहीतरी सांगत होत्या. मला वर पाहून ओरडल्या, "सर, वरून काय दिसते? उरलेल्या पोट्ट्यायले घेऊन खाली या!"

गेलो. दुसरं करणार काय?

त्या दिवशी मी त्यांच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. पुढे कितीतरी वर्षं ऐकत राहिलो. "पाणी पुलाले पाडत नाही. पाणी पुलाखालची माती नेते. पूल आपल्या आपण पडते."

मॅडम आमच्याकडे हायड्रॉलिक्स शिकवत. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या. वडिलांचं तिथे किराण्याचं दुकान होतं, मोर्णा नदीच्या पलीकडे. घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, पुस्तकात इंग्रजी, आणि या तिन्हींचा त्यांच्या बोलण्यात असा काही काला झालेला की कुठलं काय ते वेगळं काढता येत नसे. लहान चण, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र तीन वर्ग पलीकडे जाणारा. रागावल्या की "काय बाप्पा!" म्हणत आणि खूश झाल्या तरी "काय बाप्पा!"च म्हणत. कोणतं ते आपण चेहऱ्यावरून ओळखायचं. मुलांसमोर त्या मला 'सर' म्हणत. मुलं गेली की 'बाबू'.

त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या भिंतींची एक लांबलचक नाली होती. तिच्या तळाला वाळू पसरायची, मध्ये खांब म्हणून एक गोल नळी उभी करायची आणि पाणी सोडायचं. मग पाण्यात जांभळ्या रंगाचे दोनचार थेंब. रंग सरळ खांबाकडे जायचा, खांबावर आपटायचा आणि पुढे जायच्या ऐवजी खांबाच्या अंगावरून खाली घसरायचा. बुडाशी जाऊन गरगर फिरायचा आणि खांबाला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन निघून जायचा. वरून बघितलं तर घोड्याच्या नालेसारखा आकार. त्या भोवऱ्यात वाळूचे कण एकेक करून उचलले जायचे आणि बघता बघता खांबाभोवती वाटीसारखा खळगा पडायचा. त्याला आमच्या भाषेत 'स्काउर' म्हणतात. मुलं मॅडमना मागून 'भोवरा मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा निरोप समारंभात मुलांनी त्यांना खेळण्यातला लाकडी भोवरा भेट दिला, तर त्यांनी तिथेच दोरी गुंडाळून तो फिरवून दाखवला.

रोजे असले, की दुपारभर त्या त्या नालीसमोर स्टुलावर बसून असत. बाहेर अमरावतीचा उन्हाळा. आम्ही घरून पाण्याच्या दोन-दोन बाटल्या आणलेल्या. मी एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, समोर एवढं पाणी वाहून राहिलं, तहान नाही लागत?"

"हे प्यायचं पाणी थोडी आहे, बाबू," त्या काचेवरची नजर न हलवता म्हणाल्या, "हे पाहायचं पाणी आहे."

पन्नाशी ओलांडल्यावर मॅडम कॉम्प्युटरवर नदी चालवायला शिकल्या. मुलांकडूनच शिकल्या, त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या शिव्या खात. म्हणजे शिव्या मॅडम द्यायच्या, कॉम्प्युटरला. सिम्युलेशनची कल्पना सांगायला सोपी आहे. नदीचे कल्पनेतच लाखो बारीक चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात पाणी किती आलं, किती गेलं, कुठे वळलं, तळाच्या वाळूवर त्याचा रेटा किती पडला, वाळूचा कण हलला की नाही, याचा हिशेब कॉम्प्युटरने करायचा. मग एक पाऊल पुढे सरकून पुन्हा तोच हिशेब. काही तासांचा पूर चालवायला आमच्या कॉलेजचा कॉम्प्युटर आठवडा आठवडा घ्यायचा. त्यावर मॅडमनी एक पाटी लावली होती: 'बंद करू नये. नदी चालू आहे.' नव्याने आलेल्या प्राचार्यांनी फेरी मारताना ती वाचली आणि गंभीरपणे विचारलं, "कुठली नदी?" मॅडम तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, "सध्या नाव नाही ठेवलं, सर. बरोबर वाहिली तर ठेवू."

पण कॉम्प्युटरवर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. शेवटच्या वर्षाची एक हुशार मुलगी लाल-निळ्या रंगांची झकास चित्रं घेऊन आली होती. खांबाभोवती लाल वलयं, मागे निळ्या शेपट्या. मॅडमनी चष्मा वर करून एकेक चित्र पाहिलं. "लय सुंदर. साडीवर छापता येईन. आता मले सांग, हे खोटं ठरायचं असंन तर कसं ठरन?"

मुलगी गोंधळली. "मॅडम, खोटं कसं ठरेल? सॉफ्टवेअरने काढलंय."

"तेच तर विचारून राहिली मी. नदीवर जाऊन काय मोजलं म्हणजे तुले कळन, की हे चुकलं? ते नसंन सांगता येत, तर हे भिंतीले लाव. रिपोर्टमध्ये नको लावू."

मुलगी रडवेली होऊन गेली आणि चार दिवसांनी चार मोजमापं ठरवून परत आली. ती आज चांगल्या हुद्द्यावर आहे आणि तिच्या हाताखालच्यांना हाच प्रश्न विचारते, असं तिनेच मला सांगितलं.

पुण्यातल्या एका परिसंवादाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅडम बोलायला उभ्या होत्या. पडद्यावर खांब, पाणी, भोवरा. बोलण्याच्या ओघात त्या म्हणून गेल्या, "इथं पहा, पाणी खाली जाऊन राहिलं." मागच्या रांगेत खसखस पिकली. मॅडम थांबल्या. त्यांनी चष्मा पुसला.

"हसले ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे म्हणतात, पाणी खाली जात आहे. म्हणजे तुम्ही एकदा पाहिलं आणि सांगितलं. आमी म्हणतो, जाऊन राहिलं. म्हणजे मघापासून जात होतं, आताही जाते आणि तुमचं हसणं संपलं तरी जातच राहणार आहे. स्काउर असाच असते. त्याच्यासाठी क्रियापद आमचंच बरोबर आहे."

सभागृह मनापासून हसलं आणि नंतर टाळ्या पडल्या. परतीच्या प्रवासात मी त्यांचं कौतुक करायला गेलो, तर म्हणाल्या, "तो मधला आलेख चुकीचा लावला होता मी. कोणाच्याच ध्यानात नाही आलं. हे वाईट झालं."

आता ती पुलाची गोष्ट.

बार्शीटाकळीकडच्या एका गावाजवळ एक जुना पूल होता. नदीही मोठी नाही, गावही नाही. नावं सांगून काही साधत नाही. तिथल्या जुन्या पुलांची पाहणी वानखडे साहेब नावाच्या इंजिनिअरांकडे होती. माणूस सरळ. त्यांनी आमच्या कॉलेजला मत विचारलं आणि मॅडमनी त्या पुलाचं सगळं बिऱ्हाड आपल्या कॉम्प्युटरवर आणून वसवलं. पात्राची मापं घेतली, जुने नकाशे मिळवले. वर्षानुवर्षं वाळूच्या उपशामुळे नदीचा तळ खाली गेला होता. मॅडमनी मोठा पूर सोडून पाहिला. मधल्या खांबाभोवतीचा खळगा पायाच्याही खाली गेला.

वानखडे साहेबांना हे पटेना. हिवाळ्यात आम्ही तिघे पात्रात उभे होतो. एका कडेने घोट्याएवढं पाणी वाहत होतं, मधल्या खांबाजवळ कोरडी वाळू.

"मॅडम, मी दरवर्षी पूर ओसरला की येऊन पाहतो," ते म्हणाले. "खांबापाशी हातभर खड्डा असते. हातभर खड्ड्यानं पूल कसा पडन?"

"साहेब, तुमी पुरानंतर येता," मॅडम म्हणाल्या. "खड्डा पुरात होते."

त्यांनी जीपमधून एक लांब सळई आणली होती. ती त्यांनी साहेबांच्या हातात दिली. "खांबापासून लांब जाऊन खुपसा."

साहेबांनी जोर लावला. सळई थोडी आत गेली आणि अडली. मग ते खांबाजवळ आले. इथे सळई पिठात बोट जावं तशी आत गेली. जातच राहिली. साहेबांनी सळईवरचे हात वर सरकवले, परत दाबली. जवळजवळ पायाच्या बुडाएवढी खोल गेल्यावर ती थांबली.

साहेबांनी सळई हलवून पाहिली. "हे सगळं भुसभुशीत... हे नंतर भरलं?"

"पूर उतरू लागला, की पाण्याची ताकद जाते. मग वरून आणलेली वाळू ते त्याच खड्ड्यात टाकून देते. तुमी येता तेव्हा सगळं झाकलेलं. तुमचा दोष नाही. कोणीही फसन."

वानखडे साहेबांनी त्याच आठवड्यात जड वाहनांना पूल बंद करण्याचा शेरा मारला. पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवले गेले. मोटारसायकल जाईल, माणूस जाईल. बस, ट्रॅक्टर, ट्रक जाणार नाही. कापसाच्या गाड्यांना दूरचा वळसा पडला. शाळेची मुलं पलीकडे उतरून चालत गावात येऊ लागली. आजारी म्हाताऱ्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायची वेळ आली.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा गावच्या सरपंच प्रमिलाताई पुलावरच वाट बघत होत्या. उंच, उन्हाने रापलेल्या, पदर खोचून उभ्या. त्यांच्यामागे दहाबारा बायका.

"मॅडम तुमीच काय?" त्यांनी विचारलं. "अमरावतीले बसून तुमी मशिनीवर पूल पाडला, आन् इथं आमच्या लेकरायची बस बंद झाली. चाळीस पावसाळे पाह्यले या पुलानं. काहून पडन तो आताच?"

मी मध्ये पडणार होतो. मॅडमनी मला हातानेच थांबवलं. "ताई, माह्यासंगं खाली येता?"

"येतो. भेतो काय?"

दोघी खाली उतरल्या. वाहत्या पाण्याच्या कडेला मॅडमनी आपले बूट काढले. प्रमिलाताईंनी चप्पल काढली. "इथं उभ्या राहा. पाय हलवू नका," मॅडम म्हणाल्या. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, घोट्याएवढ्या पाण्यात, हातात हात धरून. वर बायका कठड्यावरून बघत होत्या. थोड्या वेळाने प्रमिलाताईंचा तोल किंचित गेला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"टाचेखालून वाळू सरकून राहिली."

"एवढ्याशा पाण्यात. आता पुराचं पाणी डोळ्यासमोर आणा. तुमी पाय उचलून दुसरीकडे ठेवू शकता, ताई. तो खांब नाही उचलू शकत."

प्रमिलाताईंनी मान वळवून त्या मधल्या खांबाकडे पाहिलं. मग वर आल्या आणि बायकांना एवढंच म्हणाल्या, "या पावसाळ्यापुरतं थांबू."

मॅडमनी त्या उन्हाळ्यात मधल्या खांबाच्या पुढच्या अंगाला एक लोखंडी नळ उभा बसवून घेतला. त्याभोवती एक जड कडं. माती खाली गेली, की कडं तिच्याबरोबर खाली घसरणार. माती परत भरली तरी कडं वर येणार नाही, ते आपलं खालीच राहणार. पुराने किती खोल खणलं ते नंतर कळावं, एवढ्यासाठी. "मी खोटी ठरायची सोय करून ठेवली," असं त्या म्हणाल्या.

आणि त्या खोट्या ठरल्या.

श्रावणात नदीला जोरदार पूर आला, मॅडमनी कॉम्प्युटरवर सोडला होता जवळपास तेवढाच. पूल हललाही नाही. गावातली तरणी पोरं आमच्या गाडीकडे बघून हसायची. कोणीतरी लोखंडी खांबावर खडूने लिहून ठेवलं होतं, 'मॅडमचा पूल.' पाणी उतरल्यावर आम्ही कडं कुठे आहे ते मोजलं. ते खाली गेलं होतं, बरंच गेलं होतं. पण मॅडमच्या आकड्याच्या खूप वर थांबलं होतं.

मला वाटलं होतं, मॅडम खचतील किंवा सबब सांगतील. पुराची उंची थोडी कमी भरली होती, ते कारण आयतं होतं. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "नाही बाबू. एवढ्या फरकाले ते कारण पुरत नाही. खाली दुसरंच काही आहे." त्यांनी वानखडे साहेबांच्या मागे लागून खांबाशेजारी भोक पाडून घेतलं आणि मातीचे नमुने वर काढले. वाळूच्या थराखाली काळीभोर चिकण माती निघाली. जुन्या नकाशात तळापर्यंत वाळूच दाखवलेली होती आणि मॅडमनी तीच धरली होती. मूठभर चिकण माती त्यांनी हातात घेऊन मळली, वास घेतला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "काय बाप्पा!" त्या वेळी मात्र चेहरा पाहूनही मला अर्थ लागला नाही.

मग त्यांनी ग्रामसभेत बोलायची परवानगी मागितली. मी आणि वानखडे साहेब दोघेही नको म्हणत होतो. साहेबांचं म्हणणं, लेखी अहवाल द्या, पुरे झालं. "अहवाल तुमाले देते," मॅडम म्हणाल्या. "बस त्यायची बंद केली."

शाळेच्या ओसरीवर सभा भरली. प्रमिलाताई खुर्चीवर, बाकी सगळे सतरंजीवर. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात चिकण मातीचा गोळा होता.

"मी सांगितलं होतं, असा पूर आला तर खड्डा पायाखाली जाईन," त्या म्हणाल्या. "गेला नाही. माहं चुकलं. मी खाली वाळू धरली होती, खाली हे निघालं. जुन्या कागदावर भरोसा ठेवला, भोक पाडून पाहिलं नाही. तुमाले वर्षभर त्रास झाला. मी माफी मागते."

मागून एक तरुण उठला. "मंग खांबे काढा अन् बस चालू करा. झालं."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ते सांगायलेच आली मी."

"आता काहून नाही?"

"वाळू लवकर जाते आणि पूर उतरला की परत येते. ही चिकण माती हळू जाते. एका पुरात थोडी, दुसऱ्यात थोडी. पण गेली की परत येत नाही. वाळू रुसून माहेरी जाते, चार दिवसांनी घरी येते. ही गेली की गेली." बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "कडं किती खाली गेलं ते साहेबांनी मोजलं आहे. त्यात चिकण माती जेवढी गेली, तेवढी या खांबाची कायमची गेली. मी म्हटलं होतं एका पुरात जाईन. आता म्हणते, चार पुरात जाईन, की सात पुरात, मले ठाऊक नाही. पण जाईन. खांबाभोवती मोठे दगड जाळीत बांधून टाकले तर थांबवता येते. ते होईपर्यंत बस नको."

तो तरुण बसेना. "आधी बी तुमी असंच छातीठोक सांगितलं होतं. तवा चुकल्या. आता बरोबर कशावरून?"

हा प्रश्न मलाही पडला होता. मॅडमनी मातीचा गोळा समोरच्या टेबलावर ठेवला. "चुकू शकते," त्या म्हणाल्या. "म्हणून ते कडं तिथंच ठेवलं आहे. तुमी स्वतः पाहत जा. ते खाली गेलं नाही, तर मले बोलवा आणि इथंच उभं करा."

मग प्रमिलाताई बोलल्या. "बस रे," त्या त्या तरुणाला म्हणाल्या. "मॅडमले झाकायचंच असतं, तर त्या आज इथं आल्याच नसत्या. कोनी बोलावलं होतं त्याईले?" आणि सभेकडे वळून, "दगडं मागू. सगळे मिळून मागू. जोपर्यंत दगडं पडत नाही, तोपर्यंत लेकरं चालतीन. माह्या पोरी बी चालतीन."

दगड मागायला गावातली माणसं आणि वानखडे साहेब किती दारं फिरले, ती वेगळीच कथा आहे. पण पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर काम झालं. माणसाला न उचलवणारे काळे दगड, तारेच्या जाळीत बांधलेले, तिन्ही खांबांभोवती रचले गेले. लोखंडी खांब निघाले. पहिली बस गेली तेव्हा मॅडम गावात नव्हत्या, परीक्षेचे पेपर तपासत होत्या. प्रमिलाताईंनी फोन करून कंडक्टरच्या घंटीचा आवाज त्यांना ऐकवला.

नंतर काही वर्षं पाऊस बेताचाच झाला. मॅडम निवृत्त झाल्या, अकोल्याला आपल्या घरी राहायला गेल्या. गुडघे गेले होते. नदीत उतरणं बंद झालं. आणि मग एका भादव्यात तो पूर आला. गावातल्या म्हाताऱ्यांनीही असा पाहिला नव्हता. पाणी पुलाच्या कठड्यावरून गेलं. दोन दिवस रस्ता बंद होता. तिसऱ्या दिवशी मी आणि वानखडे साहेब पोचलो. कठडा वाहून गेला होता, झाडांचे ओंडके खांबांना अडकले होते, काही दगड हलून पुढे गेले होते. पूल जागच्या जागी होता. त्याची बातमी कुठेच आली नाही. पडलेल्या पुलाचा फोटो येतो. उभ्या राहिलेल्या पुलाचा कोण काढतो?

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. "पूल उभा आहे."

"दगड?"

"थोडे गेले. बहुतेक जाग्यावर."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मागून त्यांच्या घरातला कुकर ऐकू येत होता.

"मॅडम," मी विचारलं, "दगड नसते तर पडला असता का?"

"चालवून पाहते," त्या म्हणाल्या.

महिनाभराने त्यांचा फोन आला. कॉलेजातल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मदतीने त्यांनी तोच पूर, तीच नदी, तोच पूल, फक्त दगड काढून, पुन्हा चालवला होता. "दोनदा चालवला," आवाजात पहिल्यासारखीच उमेद होती. "माती जरा जास्त चिकट धरली तर उभा राहते. जरा कमी धरली तर पडते. आणि खरी माती बरोबर मधात आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे आपण पूल वाचवला, की उगाच दगड टाकले, हे कधीच कळणार नाही. काय बाप्पा!" आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की मलाही हसू आलं. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामाचं फळ हाती लागलं की नाही तेच कळणार नाही, यावर एवढं निखळ हसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर माती मनासारखी चिकट किंवा भुसभुशीत धरून एक उत्तर पक्कं करून टाकलं असतं.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. दोनच दिवस आजारी होत्या. जनाज्याला गर्दी होती, आणि त्या गर्दीत रस्त्याच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन प्रमिलाताई आपल्या दोन्ही मुलींसह उभ्या होत्या. जनाजा पुढे गेला आणि त्या बसने परत गेल्या.

मॅडम जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. अकोल्याला कामासाठी गेलो होतो, म्हणून जुन्या शहरात त्यांच्याकडे डोकावलो. चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या, मी निघालो. गुडघे दुखत असूनही त्या भावाच्या नातीचा हात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत मला सोडायला आल्या. मी नको नको म्हणत होतो. निरोप घेऊन मी रस्त्याला लागलो आणि सहज मागे वळून पाहिलं.

गल्लीत कुठेतरी नळाची पाइप फुटली होती. पाण्याची एक बारीक धार फरशीवरून वाहत विजेच्या खांबाच्या बुडाशी येत होती आणि तिथून वळसा घेऊन गटारात जात होती. रोजचंच दृश्य, माणसं ओलांडून जात होती. मॅडम तिथे थांबल्या होत्या. नातीच्या खांद्यावर भार देऊन, कण्हत कण्हत त्या वाकल्या आणि चष्मा नाकावर सरकवून खांबाच्या बुडाशी बघू लागल्या. मग सरळ झाल्या. खांबाला टेकवून एकाने आपली रिक्षा उभी केली होती आणि तो आत डुलकी काढत होता. मॅडमनी रिक्षाच्या टपावर थाप मारली.

"भाई, उठो. गाडी इथून काढ."

"काय झालं, खाला?"

"खांब्याखालची माती जाऊन राहिली. काढ म्हणते ना."

त्याने डोळे चोळत खांबाकडे पाहिलं. खांब सरळ उभा होता. त्याने वर तारांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि रिक्षा सुरू करून पुढे नेली. मॅडम हाताने अजून पुढे, अजून पुढे, अशा खुणा करत राहिल्या. रिक्षा पार कोपऱ्यापर्यंत गेली तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला आणि नातीला म्हणाल्या, "आता चल. लाइनवाल्याले फोन लावू."